दवाखाना आणि तालीम

तपासणी संपते. गोळ्या लिहून होतात. रुग्ण खुर्चीवरून उठू लागतो, तेव्हा डॉक्टरांचे शेवटचे वाक्य येते : वजन कमी करा, चालायला जात जा. गोळीला नाव असते, मात्रा असते, वेळ असते. जेवणाआधी की जेवणानंतर, तेही ठरलेले असते. चालण्याला यातले काहीच नसते. ज्या गोष्टीची मात्रा सांगितली जात नाही ती औषध म्हणून सांगितलेली नसते, हे रुग्ण कोणी न शिकवता ओळखतो.

पुढच्या खेपेला गोळ्या चालू आहेत ना, असे विचारले जाते. चालता ना, असेही विचारले जाते. पण उत्तर येण्याआधी रक्तदाबाचा पट्टा दंडाभोवती आवळलेला असतो. रुग्ण म्हणतो, 'हो, अधूनमधून.' दोघांनाही तेवढे पुरते. बाहेर रांग असते. माणसे एकमेकांना खोटे सांगतात ते पुष्कळदा केवळ वेळ वाचावा म्हणून.

दुसरे दार जिमचे. तिथे मात्रा असते. किती वजन, किती वेळा, किती सेट, मध्ये किती विश्रांती, सगळे ठरलेले. तिथे रुग्ण नसतो, मेंबर असतो. प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना असतो : काही आजार आहे का. बहुतेक जण तिथे 'नाही' लिहितात. मधुमेह असलेलाही लिहितो. नवी सुरुवात करणाऱ्याला जुनी फाईल सोबत नको असते.

शरीर एकच. रोज सकाळी ते मेंबर असते आणि तीन महिन्यांतून एकदा रुग्ण. त्या दोन दारांचे आपसांत बोलणे नाही. इकडचा निरोप तिकडे नेण्याचे काम शरीराच्या धन्यावर सोडलेले आहे. त्याला इकडची भाषा पुरती येत नाही, तिकडचीही येत नाही. मग जे त्याला समजले नाही ते निरोपातून गळते. आणि गळते ते बहुधा महत्त्वाचे असते.

मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. चालताना स्नायूही रक्तातली साखर ओढतात. दोन्ही गोष्टी चांगल्या. दोन्ही एका वेळी आल्या आणि पोट रिकामे असले, तर साखर गरजेच्याही खाली उतरते. पन्नाशीचा गृहस्थ मनावर घेतो. सकाळची गोळी घेतो आणि नाश्ता आल्यावर करू म्हणून बागेत जातो. तिसऱ्या फेरीला हात थरथरू लागतात. कपाळावर गार घाम येतो. समोरचे झाड अंधूक होते. तो बाकावर टेकतो. शेजारचे आजोबा खिशातून लिमलेटची गोळी काढून देतात. थोड्या वेळाने तो सावरतो आणि घरी येऊन सांगतो, 'चालणे मला मानवत नाही.' घरचे लगेच मान्य करतात. गोळी कमी करायला हवी होती किंवा आधी काही खायला हवे होते, एवढीच गोष्ट. ती जाणणारा माणूस त्या बागेत नव्हता. आणि हा चालू लागला आहे, हे त्या माणसाच्या कानावर नव्हते.

व्यायाम सोडणाऱ्याला आळशी ठरवणे सोपे आहे. सोडणाऱ्यांत घाबरलेले किती, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

अशा गाठी आणखीही आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीला वर चढू देत नाहीत. मनगटावरच्या घड्याळात आकडा वाढत नाही म्हणून ट्रेनर आणखी जोर लावायला सांगतो. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील, तर श्वास कोंडून जड वजन उचलणे धोक्याचे. पायाची जाणीव गेली असेल, तर नवा बूट चावतो आणि चावल्याचे कळत नाही; जखम दिसते तेव्हा ती खोल गेलेली असते. काही औषधे स्वतःच वजन वाढवतात : इन्सुलिन, स्टेरॉइड, मनाच्या आजारांवरची काही औषधे. ती घेणारा जिममध्ये घाम गाळतो आणि काटा हलत नाही म्हणून स्वतःला दोष देतो. यातली एकही गोष्ट गुप्त नाही. ज्ञान एका इमारतीत आहे, त्याची गरज दुसऱ्या इमारतीत आहे.

ही फारकत फार जुनी नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहाच्या जातीच्या आजाराचे, रुग्ण दोन प्रकारचे सांगितले आहेत. एक जन्मतःच ती प्रवृत्ती घेऊन आलेला. तो कृश असतो. दुसरा अपथ्यातून प्रमेही झालेला. तो स्थूल असतो. स्थूलाला व्यायाम आणि लांबलांब चालणे. ज्याच्यापाशी साधन नाही त्याने गुरांमागे रानात फिरावे; अंगात बळ असेल त्याने विहीर खणावी. कृशाला मात्र जपावे. व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंत करावा, असेही तिथे आहे; आणि अर्धी शक्ती झाल्याची खूण दिली आहे ती श्वास तोंडावाटे येऊ लागण्याची. मात्रा, खूण, अपवाद. औषधाला जे जे लागते ते सारे व्यायामाला दिलेले होते. मोजायला घड्याळ नव्हते, म्हणून शरीराकडेच नीट पाहावे लागे.

तालमीतही हेच होते. वस्ताद जोर-बैठका घालून घेई, खुराक ठरवी, आणि निखळलेला खांदाही बसवी. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव व्यायामासाठी जसे ओळखले जात, तसे मोडलेल्या-मुरगळलेल्या अंगावरच्या उपचारांसाठीही. जगन्नाथ गणेश गुणे त्यांच्या हाताखाली तयार झाले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढले. आसने आणि क्रिया करणाऱ्या शरीराला क्ष-किरणांखाली नेले, रक्तदाब मोजला, जे दिसले ते 'योगमीमांसे'त छापले. तालमीत वाढलेल्या माणसाला प्रयोगशाळा परकी वाटली नाही. शंभर वर्षांपूर्वी जे एका माणसाला सुचले आणि जमले, ते आज संस्थांना जड जाते.

जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. वस्तादाच्या हातून वाकडे बसलेले हाड जन्मभर वाकडे राही. तालमीचे दार स्त्रियांना बंद होते. तिथे परत जाण्यासारखे थोडेच आहे. एक गोष्ट मात्र होती. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचे जुने दुखणे ठाऊक असे. पोरगा दोन दिवस दिसला नाही, की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी निरोप जाई.

आधुनिक वैद्यकाची श्रद्धा दीर्घकाळ विश्रांतीवर होती. हृदयविकाराचा झटका आला की रुग्णाला कित्येक आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. कूस बदलण्यालाही परवानगी लागे. १९५५च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांना तपासायला गेलेले हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट स्वतः चालण्याचे आणि सायकलचे पुरस्कर्ते होते. रुग्णाने बेताबेताने हालचाल करावी, कामावर परतावे, अशा मताचे. पुढल्या वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. एका माणसाच्या बरे होण्याने काही सिद्ध होत नाही. पण भीती घालवायला सिद्धांतापेक्षा उठून चालू लागलेला माणूस अधिक उपयोगी पडतो.

सिद्धतेची वाट दुसरीकडे सुरू झाली होती. लंडनच्या दुमजली बसमध्ये. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. पगार, वस्ती, राहणी बरीचशी सारखी. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर बेताचा होतो. मुंबईच्या दुमजली बसमध्ये भर गर्दीत तो अरुंद जिना चढणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटायला तक्ता लागू नये. मॉरिस मात्र तक्त्यावरही थांबले नाहीत. त्यांनी पुढे बसवाल्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या कमरेची मापे नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी निघाली. बसून राहिल्याने पोट सुटते, की पोट असलेला बसण्याचे काम पत्करतो? स्वतःच्या सुंदर निष्कर्षावर स्वतःच हा प्रश्न टाकणाऱ्या माणसाविषयी आदर वाटतो. वजनाविषयी ठामपणे बोलणाऱ्यांत हा गुण क्वचित दिसतो.

वजनाचा आकडा किती ते सांगतो, कशाचे ते सांगत नाही. हाड, पाणी, स्नायू, चरबी सगळे एका आकड्यात येते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन सारखे. या हिशेबाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघेही सडपातळ दिसतात. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे मोजली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा किती तरी हलकी निघाली. पण जी उणीव होती ती स्नायूंत होती, चरबी बरीचशी राखलेली होती. आईच्या पोटातच हा ताळेबंद मांडला गेलेला असतो. अशा शरीरावर आळसाचा आरोप ठेवताना थोडे थांबायला हवे.

म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा निर्देशांकाच्या २५वरून २३वर आणली गेली. कमरेच्या मापाची मर्यादा पुरुषाला ९० सेंटीमीटर, स्त्रीला ८०. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही दहा कोटींहून अधिक निघाले. तिच्यातच निर्देशांकाने स्थूल ठरलेले २८.६ टक्के होते आणि पोटाच्या घेराने स्थूल ठरलेले ३९.५ टक्के. मधल्या फरकातली बरीच माणसे आरशात स्वतःला ठीकठाक पाहतात. बारीक माणसाला चालायला कोणी सांगत नाही. त्याला फार तर खायला सांगतात.

जाड माणसाचे उलट. त्याला सगळे सांगतात. गुडघा दुखतो म्हणून तो जातो, त्याला वजन सांगितले जाते. खोकला घेऊन जातो, वजन सांगितले जाते. लग्नाच्या पंगतीत ताट वाढणाराही सांगतो. वजन सांगणारे बरोबर असतात. पाऊल टाकताना एक किलो घटलेले वजन गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका करते, हे मोजलेले आहे. पण दर वेळी तेच ऐकणारा शेवटी गुडघा दाखवायला जाणेच सोडतो. खरी गोष्टही वारंवार आणि वरून सांगितली, की ऐकणाऱ्याला ती शिक्षा वाटते. शिक्षेपासून माणूस दूर राहतो. आणि दूर राहिलेल्या माणसावर उपचार होत नाही.

गुडघ्याच्या संधिवातावर अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. एका गटाला नुसता आहार, एकाला नुसता व्यायाम, एकाला दोन्ही. दोन्ही मिळालेल्यांचे दुखणे सर्वांत कमी झाले. ही साधी गोष्ट. ती सिद्ध करायला साडेचारशे माणसे आणि दीड वर्ष लागले. दवाखाना आणि तालीम यांना एका छपराखाली बोलावण्याची सवय मोडली, की साध्या गोष्टीही सिद्ध कराव्या लागतात.

उतरलेले वजन परत येते. याची लाज माणसे एकट्याने सोसतात. शरीराच्या बाजूने कोणी बोलत नाही. वजन घटले की भूक वाढवणारे स्राव वाढतात, तृप्तीचे कमी होतात, आणि स्वस्थ बसल्या वेळचा ऊर्जेचा खर्च शरीर आखडते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धेत प्रचंड वजन उतरवलेल्यांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हाही हा खर्च आखडलेलाच होता. रोजचे सुमारे पाचशे उष्मांक कमी. दुष्काळ सोसलेले घर कणगीचा तळ दिसू लागला की हात आखडते, तसे शरीर वागते. पिढ्यान्‌पिढ्या त्याने हेच करून माणूस जगवला. त्या शहाणपणाला आज दुर्गुण म्हणणे कृतघ्नपणाचे आहे.

आता इंजेक्शने आली आहेत. आठवड्यातून एकदा घेतली की भूक ओसरते. त्यांतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सव्वा वर्षात सरासरी पंधरा टक्के वजन उतरले. टिर्झेपाटाइड २०२५मध्ये भारतात आले. ज्यांनी सगळे करून पाहिले आणि थकले, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. तिला आडवाट म्हणून हिणवणाऱ्यांनी ते थकणे सोसलेले नसते. पण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो. आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हेही सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या लोकांत दिसले. स्नायू गेला आणि चरबी परत आली, तर काटा पूर्वीचाच आकडा दाखवतो. शरीर मात्र पूर्वीचे नसते.

कोपनहेगनला याच्या पुढचा प्रश्न विचारला गेला. आधी सर्वांचे वजन आहाराने उतरवले. मग कोणाला त्याच जातीचे औषध लिराग्लुटाइड, कोणाला देखरेखीखाली व्यायाम, कोणाला दोन्ही, कोणाला काहीच नाही. वर्षभरानंतर, २०२१ साली, निष्कर्ष आले : दोन्ही मिळालेले सर्वांत पुढे. मग औषध थांबले, देखरेखही थांबली. आणखी एका वर्षाने पाहिले. नुसत्या औषधावर असलेल्यांचे वजन बरेचसे परत आले होते. ज्यांना औषधासोबत व्यायाम होता, त्यांनी आपली कमाई अधिक राखली होती. औषध शरीरात असेपर्यंत काम करते. सवय त्यानंतरही करते, पण ती लागेपर्यंत कोणीतरी शेजारी लागते.

हे 'कोणीतरी' अभ्यासांत सगळीकडे आहे. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध चाचणीत आहार आणि व्यायाम यांनी मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटवला. मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. वर्ष २००२. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर तसाच अभ्यास केला. २००६ साली निष्कर्ष आले : राहणीतल्या बदलाने २८.५ टक्के, गोळीने २६.४. हे आकडे भाषणांत नेहमी येतात. त्यांच्यामागची माणसे येत नाहीत. अमेरिकेत प्रत्येक सहभागीला एक ठरलेला माणूस होता. तो सोळा पाठ एकेक करून घेई, वजन लिहून ठेवी, अडचण विचारी. चेन्नईत दर महिन्याला फोन जाई. आहार-व्यायाम म्हणून जे मोजले गेले, त्यात हा फोनही होता. निष्कर्षांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. मग दवाखाने तक्ता वाचतात, आहार-व्यायामाचा कागद छापून रुग्णाच्या हातात देतात, आणि फोन वगळतात. कागद स्वस्त असतो.

जिमलाही याच कारणाने यश येत नाही. तिथे फी वर्षाची आगाऊ घेतलेली असते. न येणाऱ्याला बोलावण्यात कोणाचे हित नाही. दवाखान्यात न येणारा रुग्ण आणि जिममध्ये न येणारा मेंबर यांची नावे दोन वह्यांत असतात. त्या दोन वह्या कोणी समोरासमोर ठेवल्या, तर पुष्कळ नावे तीच निघतील.

नुसत्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. ती सांगितली जात नाही, म्हणून माणूस महिनाभर चालतो, काट्यावर उभा राहतो आणि खचतो. त्या महिन्यात त्याची झोप सुधारलेली असते. जिना चढताना लागणारा दम कमी झालेला असतो. रक्तदाब थोडा खाली आलेला असतो. स्नायू साखर अधिक सहजपणे घेऊ लागलेले असतात. हा परिणाम एकेका व्यायामाने एक-दोन दिवस टिकतो, म्हणून पुन्हा पुन्हा करावा लागतो. डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन ब्लेअर यांनी वर्षानुवर्षे हजारो माणसांचा दमसास मोजला. वजन जास्त पण दम चांगला असलेली माणसे, वजन बेताचे पण दम नसलेल्यांपेक्षा अधिक जगताना दिसली. मोजायला हवे होते ते एक, मोजले जाते दुसरे. चुकीच्या मापाने मोजलेली मेहनत वाया गेल्यासारखी वाटते, आणि तशी वाटली की खरोखरच थांबते.

हात न टेकता जमिनीवरून उठता येणे. भाजीची भरलेली पिशवी दुसऱ्या मजल्यावर नेता येणे. नातवाला कडेवर घेता येणे. म्हातारपणी ज्यांना हे जमते, त्यांचे वजन कोणी विचारत नाही. ज्यांना जमत नाही, त्यांचे घर हळूहळू एका खोलीएवढे होते. हे जवळून पाहिलेले असले, की स्नायू या गोष्टीकडे तरुणांच्या हौसेची बाब म्हणून पाहता येत नाही.

एका ओळखीच्या घरात चालण्याचे नवे बूट खोक्यातच राहिले. ते मोठ्या मुलाने आईसाठी आणले होते. बूट मापाचे होते. सकाळ पाण्याची आणि डब्यांची होती, संध्याकाळ स्वयंपाकाची आणि मुलांच्या क्लासची. रस्त्याला पदपथ नव्हता, वळणावर कुत्री होती. साडीवर बूट घालून निघाले की खिडक्यांतून माना बाहेर येत. आणि दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला हवा, हा प्रश्न घरातलेच विचारीत. राबणे आणि व्यायाम वेगळे आहेत. राबण्यात तेच चार स्नायू झिजतात, दम वाढत नाही, आणि थांबायचे कधी हे दुसरे ठरवतात. आईच्या दवाखान्यातल्या फाईलवर प्रत्येक वेळी एकच शेरा पडत गेला : सूचना पाळत नाहीत. पदपथाचा, कुत्र्यांचा, खिडक्यांचा उल्लेख फाईलमध्ये येण्याची सोय नव्हती.

माणूस सूचना का पाळत नाही, हा वैद्यकाचा प्रश्न आहे. तो चारित्र्याचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवला, की उपचारही तिथेच थांबतो.

गावात आणि वस्तीत आता एक सुरुवात आहे. तीस वर्षांवरच्या माणसांची यादी करून आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, घरोघर जातात. त्यांच्या पिशवीत कापडी टेप असते. कमरेचे माप घ्यायचे, फॉर्मवर लिहायचे. तंबाखू, दारू, घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, हे विचारायचे. आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम होतो का, हेही. टेप फिरवताना बाई पदर सावरून श्वास आत ओढते. आशाताई हसून थांबतात, श्वास सुटू देतात आणि मग आकडा वाचतात. हे थांबणे कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात मावणार नाही. त्या त्याच गल्लीतल्या असतात. कोणाच्या नळाला पाणी किती वाजता येते आणि कोणाचा नवरा रात्रपाळीला जातो, हे त्यांना ठाऊक असते. मोठ्या चाचण्यांनी पैसे खर्चून जो माणूस नेमला, तो इथे आधीच उंबऱ्यात उभा आहे.

मात्र तो एकटा आहे. भरलेला फॉर्म आरोग्य केंद्रात जातो. केंद्रात डॉक्टर असतात, परिचारिका असतात, औषध देणारे असतात. काही ठिकाणी योगाचे वर्ग होतात, तेही चांगले आहे. पण गुडघा धरलेल्या साठीच्या बाईला खुर्चीवरून उठबस कशी करायची हे दाखवणारे माणूस तिथे सहसा नसते. आशाताईंच्या डोक्यावर लसीकरण आहे, गरोदर बाया आहेत, रजिस्टरे आहेत. त्यांच्यावर आणखी एक काम मोबदल्याशिवाय टाकणे अन्यायाचे होईल. फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एक दिवस केंद्रात आला, डॉक्टरांनी गोळीच्या खालच्या ओळीत चालण्याची मात्रा आणि वेळ लिहिली, आशाताईंनी ती वाचून पंधरवड्याने विचारले, तर तीन माणसांत मिळून एक उपचार उभा राहतो. यासाठी नवे यंत्र लागत नाही. नवी इमारतही लागत नाही.

फॉर्मवर दीडशे मिनिटांच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न हवा : जमत नसेल, तर कशामुळे? आणि केंद्रात ते उत्तर वाचणारे कोणीतरी हवे. ते वाचून गोळीची वेळ बदलण्याचा, व्यायाम बदलून देण्याचा, किंवा ग्रामपंचायतीकडे वळणावरच्या दिव्याची मागणी लिहून पाठवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला हवा.